पंगतीतून कोण उठलं

माझी बायको गेली त्या दिवशी बायांनी घरातली मातीची भांडी परसात नेऊन फोडली. माठ फुटला, दुधाचं गाडगं फुटलं, विरजणाचं मडकं फुटलं. पितळेची भांडी चिंच अन् राख लावून घासली. राहिला पाटा-वरवंटा. त्याच्यावर एकीनं तांब्याभर पाणी ओतलं अन् तो भिंतीला टेकवून ठेवला, झालं. आमच्याकडे हे असंच चालत आलं. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं माझ्या बापाला कधी वाटलं नाही, मलाही नाही.

माझी सून दारात उभी होती. रडून रडून डोळे सुजलेले. तिनं विचारलं, "मावशी, पाटा काहून नाही फोडला?"

मग एक बाई बोलली, "घ्या! सासूले आत्ताच पोचवून आले, अन् हिले पाट्याची पडली!"

तो एक प्रश्न. तिथून आमच्या घराचं जे व्हायचं ते झालं, अन् तेच मी इथं लिहून ठेवतो आहे. मला लिहायची सवय नाही. चौथीत मास्तरांशी पटलं नाही म्हणून मी शाळा सोडली. मास्तर म्हणत होते माझं गणित चुकलं. मी म्हणत होतो तुमचं चुकलं. अजूनही म्हणतो. अक्षर मोठं येते, काना-मात्रा कुठं कुठं राहून जाते, ती वाचणाऱ्यानं लावून घ्यावी. पण लिहीन मीच. सुनेकडून लिहवून घेणार नाही, कारण गोष्ट तिचीच आहे.

बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे निघालं की आमचं गाव लागते. शेत घराला लागूनच, मोठं नाही, पण विहिरीला पाणी आहे. शेवंती, झेंडू, गलांडा, अन् मधल्या वाफ्यांत मेथी-सांभार, म्हणजे कोथिंबीर. फुलं अमरावतीच्या बाजारात जातात. देवळातल्या मूर्तीला हार माझा, पुढाऱ्याच्या गळ्यात हार माझा, अन् चर्चमधलं कोणी वारलं तर पांढऱ्या शेवंतीचा क्रूस तोही मीच बांधून देत आलो. आयुष्यभर दिला. मला कोणी म्हटलं नाही की बुवा, तू बाटला. फुलवाला आहे, फुलं विकते, एवढंच.

सून मोर्शीकडची, संत्रेवाल्यांची. लग्न होऊन आली तेव्हाच एम.ए. होती. बायको म्हणाली, "शिकते तर शिकू द्या, पोळ्या मी लाटते." मग ती स्कूटीवर अमरावतीला विद्यापीठात जाऊ लागली, पीएच.डी. करायला. मुलगा अकोल्याला दालमिलमध्ये, शनिवारी येणार अन् सोमवारी जाणार. तिकडे तो मामाच्या घरीच राहत होता, म्हणजे माझ्या मोठ्या साळ्याकडे.

गावात कोणी विचारलं, पीएच.डी. कशावर, तर ती न लाजता सांगे, "दोन हजार वर्षांआधीचे यहुदी लोक अन् त्यायच्यातूनच निघालेले पहिले ख्रिस्ती. त्यायचं सोवळं-ओवळं. कोण कोणासंग जेवे, कोण जेवत नव्हतं."

एकानं तर सल्ला दिला, "वहिनी, त्याच्यापेक्षा संत्र्याच्या डिंक्या रोगावर करा. तुमच्या बापाच्या तरी कामी येईन."

तेरवी झाली, पाहुणे गेले, तेव्हा मी तिला समोर बसवून विचारलं. "बाई, त्या दिवशी तू पाट्याचं काय काढलं?"

"रागावू नका मामाजी. मले राहवलं नाही." तिनं फोनवर फोटो दाखवला. पांढऱ्या दगडाचे पेले, बाजूला धरायला कान. माणसाच्या कमरेइतके रांजण, तेही दगड कोरून केलेले. म्हणाली, येरुशलेमच्या आजूबाजूला जमिनीखाली सापडले, साध्या लोकांच्या घरातसुद्धा.

मी म्हणालो, "हे उचलत कोण असन? मातीचं सोडून दगडाचं काहून?"

"त्यायच्यात मातीचं भांडं बाटलं तर फोडा लागे. पितळेचं घासून-धुऊन चाले. अन् दगडाले विटाळच लागत नव्हता. बरेच अभ्यासक असं म्हणतात. सगळे नाही म्हणत."

मी ताडकन उभा राहिलो. "अवं, हे तर आपलंच! ते लोक इकडूनच गेले असतीन. नाही तर आपल्याकडे कोणी तिकडून आलं असन."

"नाही, मामाजी."

"नाही काय? डोळ्यानं दिसून राहिलं!"

"सारखं दिसते म्हणून एक नसते. पुरावा लागते."

"माही माय पुरावा आहे. ती असेच माठ फोडत होती."

"तुमच्या माय तुमच्या घराचा पुरावा आहेत. त्यायच्या घराचा नाही."

माझ्या मेलेल्या मायला ही पोरगी मापात तोलून बाजूला ठेवते! सासऱ्याला खूश करायला काय लागत होतं? "हो मामाजी" म्हटलं असतं तर मी गावभर तिचं कौतुक सांगत फिरलो असतो. नाही म्हणाली. माझं आजही म्हणणं आहे की कुठंतरी काहीतरी धागा असेल, तिला सापडला नाही ही गोष्ट वेगळी. पण त्या दिवशी मला पटलं की ही माझ्याच वाणाची आहे. मोर्शीच्या वाफ्यात उगवली एवढंच.

इकडे गावात त्या पाट्याच्या प्रश्नाला पाय फुटले होते. सून ग्रीक अक्षरं शिकत होती. ती कागदावर काढून तिनं चुलीमागच्या भिंतीला चिकटवली होती, भाजी हलवता हलवता पाठ करायची. हिब्रूची वही उजवीकडून डावीकडे लिहायची. बाजूची काकू सांभार मागायला आली, तिनं ते पाहिलं अन् बाहेर जाऊन सांगितलं, "मोर्शीची पोट्टी उर्दू शिकून राहिली." दुसरीनं तिला चर्चच्या फाटकातून निघताना पाहिलं. ती तिथं पाद्रीबाबांच्या कपाटातली जुनी पुस्तकं वाचायला जात होती. पण उर्दू अन् चर्च यांची बेरीज लोकांनी करून टाकली. गावाचं गणित माझ्या मास्तरांच्या वरचं. उत्तर एकच निघालं: बाटली.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा साळा अकोल्याहून आला. साळा माझ्यापेक्षा मोठा, सातवी शिकलेला, नात्यातल्या चार भांडणांत मध्यस्थ म्हणून बसणारा. पांढरा शर्ट, खिशाला पेन. खाटेवर बसला, पाणी घेतलं नाही. तेव्हाच मी समजलो.

"जवाईबुवा, ऐकून राहिलो ते खरं काय?"

"तुमी काय ऐकून राहिले ते मले काय माहीत, दादा?"

"सून बाटली म्हणते लोक."

"बाटली तुमच्या गाडीच्या डिक्कीत असते. माह्या घरात नाही."

आत काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. सून हसली होती, लाटणं हातातून सुटलं. साळा हसला नाही.

"मस्करी पुरे. माह्या बहिणीची वरसी आहे. पहिला घास मी घेणार. तिच्या हातचं असन तर मी घेणार नाही. एक तर तिले तेवढ्यापुरती मोर्शीले पाठवा. नाही तर तिनं देवापुढं उभं राहून चारचौघात म्हणावं की मी बाटली नाही. दोन्ही सोपं आहे. मी काय तिचा वैरी आहो?"

हे समजावून सांगायला पाहिजे. आमच्यात बाईच्या श्राद्धाला तिच्या माहेरचा माणूस पहिला घास घेतो. तो घेतल्यावर पंगत जेवते. त्यानं घास घेतला नाही तर बाई उपाशी राहिली म्हणतात. माझ्या बायकोला मागे सख्खा हा एकच भाऊ. म्हणजे त्यानं माझी सून मागितली नव्हती, त्यानं माझ्या बायकोच्या तोंडापुढचं ताट धरून ठेवलं होतं. अन् वरून म्हणते, सोपं आहे.

तो गेल्यावर मी सुनेला म्हणालो, "तू बाटली आहे काय?"

"नाही."

"मग म्हण ना तसं. म्हणाले काय जाते?"

"मी नाही म्हणणार."

"काहून?"

ती भिंतीवरच्या त्या ग्रीक कागदाकडे पाहत बोलली. "मामाजी, मी तसं म्हटलं तर त्याचा अर्थ काय होते? की झाली असती, तर माह्या हातचं अन्न खाण्यालायक नसतं. पाद्रीबाबांची बायको मले चहा करून देते. मी तो पिते. मग इथं देवापुढं उभी राहून तिच्याबद्दल काय बोलू?"

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, मामाशी वाकडं नका घेऊ. मी त्यायच्या घरात राहतो. आठ-पंधरा दिवस जाऊ द्या तिले मोर्शीले, संत्र्याचा बहार पाहून येईन." मी फोन ठेवला. स्वतःच्या बायकोला बहार पाहायला पाठवते म्हणे.

मग मला एक युक्ती सुचली. तिचा मला अभिमान वाटला अन् आजही थोडा आहे. आमच्या विहिरीपाशी एक दगडी कुंडी आहे, आजोबाच्या वेळची. तोडलेली फुलं आम्ही तिच्यातल्या पाण्यात ठेवतो, कोमेजत नाहीत. ती कुंडी घासून पुसून अंगणात आणायची. स्वयंपाकाचं पाणी तिच्यातलं, हात धुवायचं तिच्यातलं, खीरही तिच्यातच ओतायची. साळ्यानं तोंड उघडलं की सांगायचं: दादा, मोठ्या विद्यापीठातल्या शास्त्रात लिहिलेलं आहे, दगडाले विटाळ लागत नाही, बिनघोर जेवा. तो सातवी शिकलेला. छापलेल्या गोष्टीला तो लगेच मान देते.

मी हे सुनेला सांगितलं तेव्हा मी ओसरीवर हार ओवत होतो अन् ती पायरीवर मेथी निवडत होती. मेथी खाली ठेवून तिनं विचारलं, "कोणत्या शास्त्रात लिहिलं?"

"तुह्या."

"ते माझं शास्त्र नाही, माझा अभ्यास आहे. ते नियम त्यायचे होते, त्या देशातले, त्या काळातले. ते उचलून आपल्या अंगणात ठेवले तर मी इतकी वर्षं शिकली काय?"

"अवं, साळा जेवल्याशी मतलब!"

"अन् मी? मी बाटलेली, पण कुंडी चांगली, म्हणून चालवून घेतली. असंच ना? मले कुंडीच्या आड लपवता काय? तुमाले भांडायचं असन तर सरळ भांडा, मामाजी. दगड मधात नका घालू."

सुईचं टोक माझ्या बोटात गेलं. माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं, माझ्या बायकोशिवाय.

मेथीची जुडी पुन्हा हातात घेऊन ती बोलली. "एक सांगू? तिकडेही अशीच पंगत झाली होती."

"कुठी?"

"अंत्युखिया म्हणून शहर होतं. येशूच्या मागचे लोक तिथं जमत. काही यहुदी, काही बाहेरचे. सगळे एका पंगतीत बसत. येशूचा मोठा शिष्य तिथं आला, तोही त्यायच्यासंग जेवला. मग येरुशलेमहून काही लोक आले."

"नात्यातले?"

"तसंच समजा. त्यायले हे चालत नव्हतं. ते आले, अन् हा मोठा शिष्य हळूहळू पंगतीतून बाजूला झाला."

मी हार खाली ठेवला. "उठला?"

"उठला. त्याचं पाहून बाकीचेही उठले. तिथं एकजण होता, तो त्याच्या तोंडावर बोलला, सगळ्यायच्या समोर. मग त्यानंच ही गोष्ट एका पत्रात लिहिली. ते पत्र आजही आहे."

"शाबास! तोंडावर बोलला. मग पुढं काय झालं? तो मोठा परत बसला?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"पत्रात लिहिलंच नाही. आपण काय बोललो ते लिहिलं, समोरचा काय बोलला ते नाही. काही अभ्यासक म्हणतात, हा जिंकला असता तर नक्की लिहिलं असतं. ज्या अर्थी लिहिलं नाही त्या अर्थी हरला असन. बाकीचे म्हणतात, असं म्हणता येत नाही."

"अन् त्या मोठ्याचं पत्र?"

"नाही सापडलं. त्यानं लिहिलं होतं का नाही, तेही माहीत नाही. आपल्याजवळ एकच बाजू आहे."

मला इतका राग आला! दोन हजार वर्षं झाली, जगभरचे विद्वान बसले आहेत, विद्यापीठं आहेत, अन् एका पंगतीत शेवटी कोण बसलं अन् कोण उठलं हे यांना सांगता येत नाही! मी तिला म्हणालोही. ती म्हणाली, "म्हणूनच तर अभ्यास आहे. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचा." मी म्हणालो, "ह्याले काय अभ्यास म्हणते, मले निकाल पाहिजे." ती हसली अन् मेथी घेऊन आत गेली.

पण त्या लिहिणाऱ्या माणसाचा राग मला जास्त आला. भांडलास, तर शेवट लिही ना. हरला असशील तर हरलो लिही. हरण्यात काय लाज आहे, लपवण्यात आहे.

कुंडी मी विहिरीपाशीच राहू दिली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी अंगणात ताडपत्री बांधली. स्वयंपाक सुनेनं केला, एकटीनं. गंगाफळाची भाजी, कढी, वडे, वरण-भात, खीर. बाजूची काकू मदतीला येते म्हणाली होती, आली नाही. मुलगा आदल्या दिवशी आला होता, तो पाण्याच्या घागरी भरत होता अन् माझ्याकडे पाहत नव्हता. अकोल्याहून साळा आला, त्याचा मुलगा आला, नात्यातली आठ-दहा माणसं एका गाडीत कोंबून आली. साळ्याला वाटलं असेल, घर इतकं शांत आहे म्हणजे सून मोर्शीला गेली. तो खुशीत होता. फोटोला हार घातला, बहिणीच्या आठवणी काढल्या, दोनदा डोळे पुसले. ते डोळे खोटे नव्हते. ते मी खोटं म्हणणार नाही.

पंगत बसली. मी पानावर बसलो, उजवीकडे साळा, डावीकडे मुलगा. पानं वाढलेली होती. साळ्यानं वरण-भात कालवला, घास केला, हातात घेतला.

मी म्हणालो, "थांबा दादा. तोंडात जायच्या आधी ऐका. हा सगळा स्वयंपाक माह्या सुनेनं केला. ती कुठी गेली नाही, मधात, चुलीपाशीच आहे. अन् तुमी म्हणता तसं ती म्हणणार नाही, मीही तिले म्हणाले लावणार नाही. ज्याले उठायचं असन त्यानं घास तोंडात घ्यायच्या आधी उठावं. मागून मले कोणी म्हणू नका की फसवून जेवू घातलं."

घास साळ्याच्या हातात तसाच. आजूबाजूची पाहुणे मंडळी त्याच्या हाताकडे पाहत होती. माझी सून खिरीचं पातेलं धरून दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, पण मान खाली नव्हती.

"जवाईबुवा," साळा हळूच म्हणाला, "बहिणीच्या घासाचं पाप तुमच्यावर आहे."

"असू द्या माह्यावर. जड नाही."

त्यानं घास पानावर परत ठेवला. फेकला नाही, ठेवला. मग उठला. त्याचा मुलगा उठला. मग गाडीतले सगळे एकेक उठले, कोणी गुडघ्यावर हात ठेवून, कोणी पदराखाली तोंड लपवून. आमच्या गावचेही काही उठले, त्यात तो डिंक्यावर पीएच.डी. करा म्हणणारा. साळा ताडपत्रीच्या बाहेर गेला, विहिरीकडे वळला अन् हात धुवायला नेमका त्या दगडी कुंडीपाशी थांबला. कुंडीत शेवंती होती. फुलं बाजूला सारून त्यानं हात बुडवले. मला हसू आलं. मी ते दाबलं नाही.

माझा मुलगाही अर्धा उठला होता. एक गुडघा वर, एक खाली. मामा तिकडून त्याच्याकडे पाहत होता, बायको इकडून. मग तो पूर्ण उभा राहिला, कढीची बादली उचलली अन् जे बसून होते त्यांना वाढू लागला.

माझ्यासमोर पान होतं, घास घेणारा माहेरचा माणूस नव्हता. मी वरण-भात कालवला, बायकोच्या फोटोकडे पाहिलं अन् पहिला घास मी घेतला. सासरच्या माणसानं घ्यायचा नसतो, चालत नाही म्हणतात. मी चालवला. ती उपाशी राहिली असेल असं मला वाटत नाही. सून तिनंच आणली होती अन् तिच्या वाट्याच्या पोळ्या लाटून तिनंच तिला शिकू दिलं होतं. त्या घरच्या कढीला ती नाही म्हणेल?

सुनेनं मला खीर वाढली. थोडी पानाबाहेर सांडली. मी म्हणालो, "वाढ नीट. वेलदोडा कमी आहे."

"तुमाले नेहमीच कमी असते," ती म्हणाली. पंगतीत उरलेले हसले.

साळ्याशी आता बोलणं नाही. मुलानं अकोल्यात दुसरीकडे खोली पाहिली. नात्यात कुठं लग्न निघालं तर पत्रिका येत नाही. हळदीचे हार माझ्याकडून जायचे ते बंद झाले. मूर्तिजापूरचा एक दूरचा पुतण्या मात्र माझ्याकडेच येते अन् म्हणते, "काका, कोणाले सांगू नका." मी सांगून टाकतो. बाजूची काकू सांभार मागायला पुन्हा येऊ लागली. सुनेची पीएच.डी. अजून झालेली नाही. तिचे सर कागद परत पाठवतात, ती परत लिहिते, भिंतीवरची अक्षरं आता तेलानं पिवळी पडली आहेत.

हे लिहायला घेतलं तेव्हा एका ठिकाणी मी अडलो. मुलगा म्हणतो तो वाढायलाच उठला होता, पंगतीत माणसं उपाशी बसली होती म्हणून. मी शेजारी बसलो होतो. मी पाहिलं, तो उठला तेव्हा बादलीकडे त्याचं लक्ष नव्हतं, मामाकडे होतं. मी सुनेला विचारलं, यातलं कोणतं लिहू? ती त्याची बायको, त्याच्या बाजूचं सांगेल असं मला वाटलं.

"दोन्ही लिहा," ती म्हणाली. "तो काय म्हणते ते, अन् तुमी काय पाहिलं ते."

"अन् तुले काय वाटते?"

"मले माहीत नाही, मामाजी. मी पातेल्याकडे पाहून राहिली होती."

म्हणून दोन्ही लिहिलं. साळ्याची बाजू त्यानं लिहावी. सातवी शिकला आहे, खिशाला पेन आहे, त्याला जमते. त्यानं लिहिली तर मी माझ्या लिहिण्याबरोबर ठेवीन, म्हणजे पुढं कोणाला एकाच पत्रावरून डोकं खाजवत बसावं लागणार नाही.

माझी बाजू ही आहे. अकोल्याचा माणूस उठला अन् परत बसला नाही. नात्यातले अर्ध्याच्या वर त्याच्या मागे गेले. म्हणजे मी हरलो असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणावं. पण मी बसून होतो, माझं पान मी पुसून खाल्लं, अन् दुसऱ्यांदा खीर मागून घेतली.